नळ गळतोय, पण काम प्रगतिपथावर आहे

ऑफिस घरी आणू नये, असं जुनी माणसं सांगायची. त्यांना अप्रेझल नव्हतं, म्हणून असं बोलणं परवडायचं. तुम्ही मात्र इतकी वर्षं मीटिंगांत बसून कमावलेलं ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत असाल, तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच.

सुरुवात नळापासून करा. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, असं बायको म्हणाली की पाना शोधायला उठू नका. एकदा उठलात की काम करावं लागतं. शांतपणे म्हणा, "नोंद घेतली आहे." दोन दिवसांनी विचारलं तर, "प्रगतिपथावर आहे." आठवड्याने, "वॉशरसाठी अडलंय, तो आला की लगेच." वॉशर आणायला कुणी गेलेलंच नाही, हे सांगायचं कारण नाही, ऑफिसात कोण सांगतं? मी या पद्धतीने एक नळ तब्बल ३ आठवडे चालवला. रात्री खाली बादली ठेवायची, सकाळी ती गाजावाजा करत कुंड्यांत ओतायची, म्हणजे काम होताना दिसतंही. चौथ्या आठवड्यात बायकोने प्रकरण वर नेलं. वर म्हणजे माझ्या आईकडे. एस्केलेशनची इतकी आखूड शिडी मी कुठल्याच कंपनीत पाहिली नाही. दहा मिनिटांत पाना माझ्या हातात होता.

घरच्या बैठकांनाही वळण लावा. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी १९५७ सालीच लिहून ठेवलंय: समितीपुढे अणुभट्टीचा खर्च आला की तो चटकन मंजूर होतो, कारण त्यातलं कुणालाच काही कळत नाही, सायकलींच्या शेडवर मात्र वाद रंगतो, कारण पत्र्याबद्दल प्रत्येकाला मत असतं. तेव्हा २० वर्षांच्या गृहकर्जावर उभ्या उभ्या सही करा, आणि पडद्यांच्या रंगासाठी अख्खा रविवार राखून ठेवा. (आमचे पडदे अजून आलेले नाहीत. हप्ते वेळेवर जातात.)

मुलांना स्वमूल्यमापनाचा फॉर्म द्या. आमच्या मुलीने भरला. अभ्यास: अपेक्षेपेक्षा सरस. सुधारणेला वाव: पालकांच्या अपेक्षांत. ही मुलगी फार वर जाणार.

आता घरचं ऑफिसात. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं साहेब म्हणाले की शब्दश: घ्या. त्यांच्या केबिनमध्ये न विचारता पाय पसरून बसा, महिनाअखेर हक्काने उसने मागा, आणि पगारवाढ नाही म्हणाले तर जेवणार नाही म्हणून सांगा. रुसणंही करून बघा. घरी "काय झालं?"ला "काही नाही" म्हणून ड्रॉवर जरा जोरात लावला की पाव तासात सगळं घर भोवती जमतं. मी ऑफिसात हेच केलं. साहेब "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. ड्रॉवर मात्र तेव्हापासून नीट लागत नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी आईने हाक मारली. मी सोफ्यावरूनच म्हटलं, "मीटिंगमध्ये आहे."

"मग मीटिंग संपली की पाना घेऊन ये," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. मागे थेंबांचा आवाज स्पष्ट येत होता.

मी नोंद घेतली.