शंभर दिवसांत माणसं, सहा वर्षांनी फोर-जी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिरकस आहे, पण मुद्द्याला धरून आहे. दोन ओळींत आटोपावी अशी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: बीएसएनएलच्या २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीबद्दल मी लिहिलं होतं की एका दिवसात निम्मी माणसं गेली, पण त्यांच्या जोडीने जे फोर-जी यायचं होतं ते वेळेवर आलंच नाही. यावर तुमचं म्हणणं असं की हे रडगाणं आहे. गेलेल्यांना घसघशीत रक्कम मिळाली, वर सरकारी पेन्शन. खाजगी कंपनीत एका ई-मेलवर घरी बसवतात, तेव्हा कोणी लेख लिहीत नाही. उत्पन्नातले ७५ टक्के पगारावर उडवणारी कंपनी म्हणजे अन्नछत्र. आणि शेवटचा टोमणा: ‘तुम्ही पन्नाशीचे असता तर सही केली नसती का?’

आधी पैशांचं बघू, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. योजना ‘गुजरात मॉडेल’वर होती. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा. पगार म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. ३० वर्षं नोकरी झालेल्या आणि साठीला ५ वर्षं उरलेल्या माणसाचे सूत्राने ११७५ दिवस होतात, म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आसपास. पण सूत्र सांगताना तुम्ही कमाल मर्यादेचा उल्लेख गाळलात. उरलेल्या नोकरीच्या पगाराशी ती मर्यादा बांधलेली होती, त्यामुळे ५९ वर्षांच्या माणसाला त्याच्या ३५-३७ वर्षांच्या नोकरीचा पूर्ण हिशेब काही मिळाला नाही. सानुग्रह रक्कम दोन आर्थिक वर्षांत अर्धी-अर्धी द्यायची होती, आणि पेन्शनचं कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं, लांबवलं होतं. तरीही सौदा वाईट नव्हता, हे मान्य. दूरसंचार खात्यातून १ ऑक्टोबर २००० ला कंपनीत वर्ग झालेल्यांना सरकारी पेन्शनचा आधार होता. तो नसता तर ७८ हजारांवर अर्ज आलेच नसते.

मीही तेव्हा बीएसएनएलमध्येच होतो, पण पन्नाशीच्या आत, म्हणून योजना मला लागू नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुपारच्या डब्याला दुसरा विषय नसायचा. ४ नोव्हेंबरला अर्ज सुरू झाले, ३ डिसेंबर शेवटची तारीख. ज्यांची मुलं मार्गी लागली होती त्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज भरले. अडचण एक्कावन्न-बावन्नच्या लोकांची होती. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते बाकी, आणि कानावर रोज नवी अफवा: निवृत्तीचं वय अठ्ठावन्न करणार, राहिलेल्यांच्या लांब बदल्या करणार. आमचे एक जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारे, काका कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि दर वेळी वेगळं उत्तर काढायचे. एकदा बायकोला विचारून आले, एकदा साडूला. सही शेवटी केली. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. ते वाक्य तुम्ही माझ्या तोंडी घातलंत.

आता त्या ७५ टक्क्यांकडे येतो. आकडा खरा आहे. २०१८-१९ मध्ये बीएसएनएलचा पगारखर्च उत्पन्नाच्या ७५ टक्के होता, मुंबई-दिल्लीतली सरकारी फोन कंपनी एमटीएनएल, तिचा तर ८७ च्या घरात. खाजगी कंपन्यांचा ३ ते ६ टक्के दाखवला जायचा. मंत्र्यांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळ्यांनी तो तोंडपाठ केला. पण भागाकारात खालीही एक आकडा असतो. २००५-०६ मध्ये बीएसएनएलचं उत्पन्न ४० हजार कोटींच्या घरात होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी नफा १० हजार कोटींच्या वर गेला होता. तेव्हा माणसं २०१९ च्या मानाने दुप्पट होती, तरी अन्नछत्र असं कोणी म्हणत नव्हतं. २०१८-१९ पर्यंत उत्पन्न १९ हजार कोटींवर आलं. या काळात कर्मचारी वाढले नाहीत, उलट दरवर्षी हजारोंनी निवृत्त होत दीड लाखाच्या आसपास उतरले. म्हणजे माणसं निम्मी होत असतानाही टक्केवारी फुगत गेली.

आणि ते ३ ते ६ टक्के कसे येतात, तेही बघा. भारती एअरटेलने २००४ मध्ये नेटवर्क चालवण्याचं काम एरिक्सन आणि नोकियाकडे, आयटी आयबीएमकडे दिलं. पुढे टॉवर वेगळ्या कंपन्यांत गेले. टॉवरवरचा रखवालदार, डिझेल भरणारा, फायबर जोडणारा, कॉल सेंटरमधली मुलगी, यांचे पगार कोणी ना कोणी देतंच. फक्त ते एअरटेलच्या नफा-तोटा पत्रकात ‘कर्मचारी खर्च’ या ओळीत दिसत नाहीत. धंदा म्हणून ती चाल हुशारीची होती, त्यावर माझा आक्षेप नाही. पण एका कंपनीच्या घरातल्या माणसांची तुलना दुसरीच्या फक्त मुख्यालयातल्या माणसांशी करायची, आणि त्यावरून कोण आळशी ते ठरवायचं, हा हिशेब मला पटत नाही.

उत्पन्न का घसरलं, याचं उत्तर तुम्ही ‘सरकारी बाबूंचा माज’ असं एका फटक्यात दिलंत. दिवाळीला पोस्त मागायला बरोबर हजर होणारे आमच्यात होते, हे मी नाकारत नाही. पण ४ कोटी ५५ लाख मोबाइल लाइनचं टेंडर २००६ मध्ये निघालं, कोर्टात अडकलं, मग छाटलं गेलं. त्यानंतरचं ९ कोटी ३० लाख लाइनचं टेंडर २०१० मध्ये रद्द झालं. नेमकी हीच वर्षं देशात मोबाइल घराघरात पोहोचण्याची होती. त्याच २०१० मध्ये थ्री-जी आणि ब्रॉडबँड वायरलेस स्पेक्ट्रमपोटी (म्हणजे त्या सेवांसाठीच्या रेडिओ लहरींपोटी) बीएसएनएलकडून १८ हजार कोटींहून जास्त रक्कम घेतली गेली. किंमत खाजगी कंपन्यांच्या लिलावात ठरली, बीएसएनएलने फक्त भरली. गंगाजळी तिथे आटली. यातला एकही निर्णय लाइनमनने घेतला नव्हता.

आता माझा मूळ मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबर २०१९ ला जे पॅकेज मंजूर केलं त्यात स्वेच्छानिवृत्ती एकटी नव्हती. फोर-जी स्पेक्ट्रम, रोख्यांना सरकारी हमी, जमिनी-इमारतींतून पैसा उभा करणं, एमटीएनएलचं विलीनीकरण, असं सगळं एकत्र होतं. यातलं माणसं कमी करण्याचं काम ३१ जानेवारी २०२० ला फत्ते झालं. बरोबर १०० दिवस. बीएसएनएलमधून ७८,५६९ आणि एमटीएनएलमधून १४ हजारांवर, सगळे एकाच संध्याकाळी बाहेर. फोर-जीच्या यंत्रसामग्रीचं टेंडर त्या वर्षी मार्चमध्ये निघालं आणि जुलैमध्ये रद्द झालं. स्वदेशी तंत्रज्ञानच वापरायचं ठरलं. सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था आणि तेजस, टीसीएस या भारतीय कंपन्या यांनी ते उभं केलं, हे मोठं काम आहे आणि त्याचं मला कौतुकच आहे. पण देशभर ते सुरू झाल्याची घोषणा २७ सप्टेंबर २०२५ ला झाली. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं होतं. मधली नऊ वर्षं ग्राहकाने कशासाठी थांबायचं?

शिवाय माणसं निवडली गेली ती जन्मतारखेवरून. कोणत्या विभागात किती जण लागतात, हा प्रश्न योजनेत नव्हताच. पन्नाशी ओलांडली असेल तर अर्ज करा, इतकंच. त्यामुळे जिथे जुनी भरती जास्त तिथे जवळपास सगळे गेले. तांब्याच्या केबलचे नकाशे कागदावर असतात, पण रस्ता रुंदीकरणात सरकलेला जॉइंट आता नक्की कुणाच्या कुंपणाखाली आहे, हे जॉइंटरच्या पायांना ठाऊक असतं. ते पाय एकदम गेले. मग लँडलाइनच्या देखभालीची कामं ‘क्लस्टर’ पाडून ठेकेदारांना दिली, आणि घरापर्यंतचं फायबर स्थानिक केबलवाल्यांबरोबर उत्पन्न वाटून घेऊन चालवलं. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला. ज्यांनी पूर्वी लँडलाइन परत केली होती तेही ब्रॉडबँडसाठी चौकशी करू लागले.

तुम्ही तोट्याचे आकडे विचारलेत. २०१९-२० चा सुमारे साडेपंधरा हजार कोटींचा तोटा पुढच्या वर्षी ७,४४१ कोटींवर आला. त्यातला मोठा वाटा वाचलेल्या पगाराचा, हे उघड आहे. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत तर २६२ कोटींचा नफा झाला, २००७ नंतर पहिल्यांदाच. याचं श्रेय माणसं कमी करण्याला द्यायचं असेल तर द्या, पण २०१९ नंतर केंद्राने २०२२ आणि २०२३ मध्ये आणखी दोन पॅकेजं दिली, २०२२ चं एकटंच १ लाख ६४ हजार कोटींचं, हेही त्याच वाक्यात लिहा.

खाजगीतल्या लोकांबद्दल तुमचा राग रास्त आहे. आरकॉमचा (रिलायन्स कम्युनिकेशन्सचा) मोबाइल धंदा बंद पडला, एअरसेल दिवाळखोरीत गेली, आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या, आणि तिथल्या हजारो तरुणांना ना गुजरात मॉडेल मिळालं ना पेन्शन. आमच्याकडच्या कंत्राटी कामगारांचंही तेच. योजना फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी होती, कंत्राटींना त्यात एक रुपयाही नव्हता. त्यांना जास्त मिळायला हवं होतं म्हणून इतरांना कमी मिळायला हवं होतं, हे मात्र मला कळत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मी पन्नाशीचा असतो तर सही केली असती का? पंचावन्नच्या पुढे असतो तर पहिल्या दिवशी. एक्कावन्नला असतो तर ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, बायकोशी भांडून. माझी भरती कंपनी झाल्यानंतरची, म्हणजे सरकारी पेन्शन नाही, नुसता पीएफ. त्या हिशेबाने कदाचित केलीही नसती.