दुसऱ्याचा बाप्तिस्मा कसा तपासावा

जय ख्रिस्त. मंडळीत गुपचूप बसून वचन ऐकणं हे आपल्यासारख्या जाणकारांचं काम नाही. न्यायाच्या दिवशी देवानं एकट्यानं किती माणसं तपासायची? आत्तापासून हातभार लावलेला बरा.

नवा ख्रिस्ती माणूस भेटला, जालन्याच्या एसटीत भेटो नाहीतर दवाखान्याच्या रांगेत, नाव-गाव नंतर. आधी 'कोणत्या चर्चचे?' सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) निघाला की नावाचा ख्रिस्ती. फ्री चर्चचा, म्हणजे स्वतंत्र मंडळीचा, निघाला की टाळ्यावाला. रोमन कॅथलिक निघाला की मूर्तिपूजक. शनिवार पाळणारा निघाला तर खिडकीबाहेर बघा.

कोणाच्या सुनेच्या गळ्यात काळे मणी दिसले तर तिच्यासाठी प्रार्थना करा. मोठ्यानं, नाव घेऊन.

मुसळ आणि कुसळाचं वचन तोंडपाठ असू द्या. दुसऱ्याला ऐकवायला कामी येतं.

आता मुख्य विद्या, बाप्तिस्म्याची. कोणी तो डोक्यावर पाणी शिंपडून देतं, कोणी पाण्यात बुडवून. ती मी नुकतीच आमच्या भाचीच्या सोयरिकीत शिकलो. मुलगा निर्व्यसनी, दोन्ही घरांत सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. पोहे आले, चहा आला. मुलाकडच्या पाळकांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पोरीला बुडवलं का शिंपडलं?" ताई म्हणाली, "लहानपणीच झाला की बाप्तिस्मा, पाळकसाहेब. आता रविवारी शब्बाथ शाळेत पोरांना वचन शिकवते ती." "मग तो धरता येत नाही, बाई. पुन्हा घ्यावा लागंल." पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी. तेवढ्यात आमच्याकडच्या पंचांना स्फुरण चढलं. "तुमचं पत्र्याचं शेड, त्याला चर्च कामून म्हणायचं?" झालं! मग अर्धा तास पवित्र शास्त्राची पानं फडफडली. पौलाला इकडून तिकडून ओढला. मुलगा-मुलगी एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत, कारण मधे वडीलधाऱ्यांचा आत्मा कार्य करत होता.

बरं, हा प्रश्न काही नवा आहे का? १९२९ साली बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन धरून सहा मंडळ्यांची मिळून सीएनआय झाली. त्यांत लेकरांना शिंपडणारे होते, मोठेपणी बुडवणारेही होते. दोन्ही चालेल म्हणाले आणि एका टेबलाशी प्रभुभोजनाला बसले. (मेथडिस्टांतला मोठा गट ऐन वेळी उठून गेला. ती परंपराही आपण जपली आहेच.) चाळीस वर्षं घासून त्यांनी जे मिटवलं, ते आम्ही एका चहात उकरून काढलं.

आणि ज्या पंथाचा एवढा ताठा, तो तुम्ही निवडलाय का? जालन्याला स्कॉटलंडचं मिशन आलं, औरंगाबादेत इंग्लंडचं, तिकडं नगरला अमेरिकेचं. पणजोबांच्या गावात ज्या साहेबाची बैलगाडी आधी पोचली, तो आपला पंथ. गाडी दुसऱ्या रस्त्यानं वळली असती तर आज तुम्हीच त्या शेडमध्ये टाळ्या वाजवत असता, आणि शिंपडणाऱ्यांना नावं ठेवत असता.

मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असं म्हणणाऱ्या करिंथकरांना पौलानं पत्र लिहून झाडलं होतं. ते पत्र पाळक आणि पंच, दोघांच्याही काखेत होतं त्या दिवशी, कातडी कव्हरात.

लाज वाटत नाही का हो? गावात आपली घरं किती, त्यात चर्चं किती? धरून दिलं त्या रात्री येशूनं बापाकडं काय मागितलं, तर हे सगळे एक व्हावेत. आणि तुम्ही त्याच्या नावानं ठरत आलेली सोयरीक मोडता! पोरगी त्या दिवसापासून शब्बाथ शाळेत गेलेली नाही. "मामा, माझा बाप्तिस्मा खोटा असंल तर मी पोरांना काय शिकवू?" म्हणाली. द्या उत्तर. पाळकसाहेब, तुम्ही द्या. आणि पंचसाहेब, तुम्हीही गप बसू नका, तुमची जीभ काही कमी चालली नाही. दोघं मिळून ताईच्या घरी जा, पोरीला समोर बसवा आणि माफी मागा. नुसती प्रार्थना करून उठू नका. माफी मागा.