घोडामैदान जवळच होतं

घोड्यावरच्या म्हणी ज्यांनी रचल्या, त्यांच्यापैकी एकानेही नवखा घोडा स्पर्धेला नेलेला नसावा. 'घोडामैदान जवळच आहे' हे तर घोडा घरी बांधून आलेल्या माणसाचंच वाक्य. मैदान जवळ असतं, घोडाही जवळ असतो. त्या दोघांची ओळख करून देताना मध्ये जो उभा असतो, त्याच्यावर मात्र एकही म्हण नाही.

माझ्या घोड्याचं नाव निवांत. हे नाव आधीच्या मालकाने ठेवलं होतं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता, हे मला फार उशिरा आठवलं. वय पाच, वजन पाचेकशे किलो, अंग काळपट तपकिरी, चारांपैकी एकच पाय पांढरा आणि अनुभव शून्य. घरच्या रिंगणात तो नावाला जागतो. त्याच भरवशावर मी नवशिक्यांच्या ड्रेसाज स्पर्धेत आमचं नाव घातलं. ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या जागी ठरलेल्या चाली घोड्याने शांतपणे करून दाखवायच्या. या व्याख्येतला 'शांतपणे' हा शब्द मी वाचला होता, पण पुरेशा गांभीर्याने नाही.

तयारी मात्र मी कसून केली. स्पर्धेत घोडा कशाकशाला बुजू शकेल याची यादी केली आणि सहा आठवडे ती एकेक करून त्याच्यापुढे मांडली. फडफडणारं प्लास्टिक, झेंडे, टाळ्या, लाउडस्पीकर, घडीची खुर्ची, आणि सर्वांत वर छत्री. पहिल्या दिवशी मी छत्री उघडली तेव्हा निवांत रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे कसा पोचला ते कुणी पाहिलं नाही. चौथ्या आठवड्यात तो त्याच छत्रीखाली उभा राहून गवत खायला लागला. मदतीला आलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, आता एक छत्री याच्या नावावरच करून टाक."

आमच्या सरांना मी अभिमानाने ती यादी दाखवली. सर मोजकंच बोलतात, तेही बहुधा घोड्याशी. त्यांनी यादी वाचली, घडी केली आणि परत दिली. "ही तुमच्या भीतीची यादी झाली. त्याची कुठाय?"

सरांना अधूनमधून असं तत्त्वज्ञान सुचतं, असं समजून मी कागद खिशात ठेवला.

आदल्या संध्याकाळी निवांतला अंघोळ घातली, आयाळीच्या वेण्या घातल्या, पांढरा पाय तीनदा धुतला. घोडा उभ्या उभ्या डुलक्या काढू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. त्या रात्री निवांतला गाढ झोप लागली होती, याचा पुरावा सकाळी पांढऱ्या पायावर हिरव्या रंगात उमटलेला होता. लिदीचा डाग जात नाही, फक्त पसरतो.

मग ट्रेलर. सरावात तो रोज चढायचा. त्या दिवशी फळीच्या तोंडाशी आला आणि खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. 'घोडा का अडला, भाकरी का करपली' या जुन्या कोड्याचं एकच उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: न फिरवल्याने. म्हणून मी त्याला फिरवलं. तीन फेऱ्या झाल्या, घोडा पुन्हा तिथेच अडला. आणखी तीन झाल्या. चाळीस मिनिटांनी करपायच्या बेतात मी होतो. शेवटी भाच्याला आत उकडायला लागलं म्हणून त्याने ट्रेलरचं पुढचं छोटं दार उघडलं, आत उजेड पडला आणि निवांत टकटक टापा वाजवत चढून गेला. लख्ख उन्हातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. एवढा वेळ मी त्याला आग्रहाने एका काळ्या भोकात ढकलत होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, भाच्याला घामावरून कळलं.

पोचल्यावर ट्रेलरमधून जो घोडा उतरला, तो मी चढवलेला नव्हता. मान हातभर उंच, नाकपुड्या वाटीएवढ्या, शेपूट पताकेसारखी. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा छोटा पट्टा तेवढा सुटतो. एरवी ही माहिती ऐकताना कौतुक वाटतं. पण गजबजलेल्या मैदानावर याचा अर्थ असा, की घाबरण्यासाठी त्याला मान वळवायचेही कष्ट नाहीत. सगळं मैदान त्याला घरपोच मिळतं.

तो खिंकाळला. मैदानावरच्या निम्म्या घोड्यांनी उत्तर दिलं. त्याने सगळ्यांना वेगवेगळं प्रत्युत्तर दिलं.

शेजारच्या ट्रेलरला एक करडी घोडी बांधलेली होती. वयस्क, शांत, डोळे अर्धे मिटलेले. दहा मिनिटांत निवांतने तिला जन्माची सोबतीण मानलं. कळपात राहणारं जनावर, अनोळखी जागी एखादा आधार शोधणारच. मात्र त्याने तो आधार सहा आठवडे छत्री धरून उभ्या असलेल्या माणसात शोधला नाही, हे थोडं लागलं. शिवाय त्या घोडीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

आता माझी यादी. लाउडस्पीकर आमच्या डोक्यावरच होता. तो कडकडला तेव्हा मी दचकलो, निवांतने जांभई दिली. झेंडे होते, टाळ्या होत्या. त्याने एक मागचा पाय सैल सोडून विश्रांती घेतली. मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्याच क्षणी निवांत आडवा उडाला, कारण कुणीतरी गवतावर पाठ टेकून पडलं होतं. निवांतच्या आयुष्यात माणूस ही उभी गोष्ट होती. त्यानंतर तो गुंडाळलेल्या पाण्याच्या पाइपला बुजला. मग खुर्चीला. "पण खुर्ची तर आपण केली होती!" मी ओरडलो. भाच्याने जवळ जाऊन पाहिलं. "मामा, आपण उघडी केली होती. ही मिटलेली आहे."

आणि मग पोनी आला. उंची माझ्या कमरेएवढी, पोट जमिनीला टेकायच्या बेतात, पाठीवर सहा-सात वर्षांची मुलगी. निवांतने जन्मात एवढा लहान घोडा पाहिला नव्हता. पाचशे किलोंचं ते धूड थरथरत माझ्या मागे लपायला लागलं. पोनी आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. मुलगी मात्र थांबून म्हणाली, "घाबरू नका, तो काही करत नाही." हे तिने मला सांगितलं की निवांतला, ते मी विचारलं नाही.

सरावाचं मैदान ही स्पर्धेतली खरी कसोटी. रिंगणात परीक्षकांपुढे जाणं ही त्यानंतरची विश्रांती. वीसेक घोडे एकाच जागेत, वेगवेगळ्या चालींनी, वेगवेगळ्या दिशांनी. नियम सोपा: समोरून येणाऱ्याला डाव्या खांद्याला डावा खांदा ठेवून ओलांडायचं. मी डावीकडे बघत होतो, निवांत उजवीकडे करडी घोडी दिसते का बघत होता, आणि आम्ही दोघं तिरके चाललो होतो. त्यात शेपट्यांच्या फितींची भाषा. लाल फीत म्हणजे हा लाथ मारतो, हिरवी म्हणजे हा नवखा आहे. आम्ही हिरवी बांधली होती. आता गंमत अशी, की घोड्याला निळा-पिवळा नीट कळतो, पण लाल-हिरव्यातला फरक करणं त्याला अवघड जातं. म्हणजे ज्याने लाथेपासून सांभाळून राहायचं, त्यालाच ती फीत वाचता येत नाही. निवांत तीनदा लाल फितीच्या मागे जाऊन उभा राहिला, अगदी आदराने.

रिंगणाच्या दाराशी आमची पाळी येईपर्यंत पाचेक मिनिटं थांबायचं होतं. माणसाने अशा वेळी काहीही आठवू नये. मला नेमका एक अभ्यास आठवला. स्वीडनच्या संशोधकांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला होता. त्यात माणसांनी घोडा हाताने धरून किंवा त्याच्यावर बसून ठरलेल्या अंतरावर चारदा न्यायचा होता. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना तर छत्रीबद्दल कुणी काही सांगितलंही नव्हतं.

विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. माझ्या पोटऱ्यांना खोगिराखालून जे जाणवत होतं, ते विश्रांतीतलं नव्हतं. आणि माझं जे चाललं होतं ते त्याच्या बरगड्यांना जाणवत असणार, हे कळल्यावर माझं आणखी वाढलं.

"श्वास घ्या," सर म्हणाले.

"घेतोय."

"सोडताय का?"

रिंगण २० मीटर रुंद, ४० मीटर लांब. कडेला पांढऱ्या पाट्यांवर ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरं, वर्णमालेशी उभा दावा असलेल्या क्रमाने. ए पासून दुडक्या चालीने आत शिरायचं, मधोमध एक्सवर थांबायचं, समोर सी पाशी बसलेल्या परीक्षकांना मुजरा करायचा. एक्सची पाटी नसते, तो नुसता मानायचा. निवांत मात्र एक्सवर असा थांबला, की चित्रकाराने काढावा. चारही पाय चौकोनात, मान उंच, कान ताठ. मी मनातल्या मनात कृतार्थ झालो. मग लक्षात आलं, की परीक्षकांच्या मागे, दूर, करडी घोडी पाणी पीत होती.

मी मुजरा केला तेवढ्यात तो खिंकाळला. पोटातून, पूर्ण ताकदीने. त्याच्यावर बसलेल्या माणसाच्या दातांपर्यंत तो आवाज पोचतो.

पुढची पाच मिनिटं मला सलग आठवत नाहीत. ई च्या पाटीजवळ आम्ही ई पासून बरंच दूर होतो. सी पाशी परीक्षकांच्या लेखनिकाने पान उलटलं आणि आम्ही एकदम बी ला होतो. वर्तुळ काढायचं होतं, त्याला मधेच एक कोपरा आला. भाच्याने सगळं फोनवर टिपलं. परत आल्यावर त्याने ते बारकाईने पाहिलं. "मामा, इथे तू हसतोयस की रडतोयस, कळत नाहीये."

प्रत्येक चालीला शून्य ते दहा गुण. आमच्या कागदावर चार आणि पाच यांची वस्ती दाट होती, शेरे 'ताण', 'सरळ नाही', 'पुन्हा ताण'. पहिल्या थांब्याला मात्र सात, आणि शेजारी 'स्थिर, लक्ष पूर्ण एकाग्र'. तळाशी अक्षर जरा मोकळं करून लिहिलं होतं, 'घोडा छान आहे'. मी ते आनंदाने सरांना दाखवलं. सर म्हणाले, "हं. घोडा." आमचा क्रमांक शेवटून दुसरा. शेवटचा घोडा चारही पायांनी रिंगणाबाहेर उडी मारून बाद झाला होता. उरलेलं गणित मी केलं नाही.

परतताना ट्रेलरमध्ये चढायला किती वेळ लागेल याची मला सकाळपासून धास्ती होती. अर्धा मिनिटही लागला नाही. माझ्या हातातला दोर ओढत निवांत सरळ फळीवरून वर गेला. फक्त ट्रेलर आमचा नव्हता. करडी घोडी आत आधीच उभी होती. तिने तेव्हा दिवसात पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि कान मागे पाडले.

अंधार पडता पडता घरी पोचलो. निवांतने एका दमात अर्धी बादली पाणी संपवलं. घरून नेलेलं हेच पाणी त्याने दिवसभर हुंगून बाजूला सारलं होतं. मग वेण्यांसकट मातीत लोळला, उठला, अंग झाडलं आणि पुन्हा नावाला जागणारा घोडा झाला. मी त्याला घेऊन तबेल्याकडे निघालो. दाराशी एक निळं पिंप आहे. तो इथे आला त्याच्या आधीपासून आहे. रोज चारदा तो त्याच्या शेजारून जातो.

आम्ही नसताना कुणीतरी ते झाडताना वीतभर डावीकडे सरकवलं होतं. निवांत थांबला, फुरफुरला आणि मला घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

भाच्याने खिशातून पेन काढलं. "मामा, ती यादी दे जरा."