बाल रुग्णालयातल्या बाळंतपणाबद्दल खुलासा

खानापूर-निपाणीच्या ग्रुपांवर फिरतंय: "लहान मुलांच्या दवाखान्यात बाळंतपण करू नका, बाळाला आईपासून तोडतात." हे खरं नाही. मी दवाखान्यांचे आराखडे करते. पोटातच बाळाच्या हृदयात किंवा मणक्यात दोष दिसला, तर जन्मल्याबरोबर त्याला दुसरीकडे हलवावं लागू नये, म्हणूनच ही सोय करतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात ती २००८ पासून आहे. प्रसूतीच्या खोलीला लागूनच बाळाला सावरण्याची खोली, जवळ नवजात अतिदक्षता विभाग. आईसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ तिथंच. एरवी आई इकडे, बाळ तिकडे! टाके ओले असताना तिनं जायचं कसं? साध्या बाळंतपणाला मात्र नेहमीचा दवाखाना पुरतो. कृपया तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.