श्रोताही कार्यक्रमात असतो

घरी बसून इतकं स्वच्छ ऐकायला मिळतं, मग तिकीट काढून, गर्दीत धक्के खात कार्यक्रमाला जायचं कशाला? हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि प्रश्न वाजवी आहे. रेकॉर्डिंगमध्ये कोणी खोकत नाही, पुढच्याचं डोकं आड येत नाही, आवडलेली जागा हवी तितक्यांदा मागे घेऊन ऐकता येते. ग्लेन गुल्डसारख्या थोर पियानोवादकाने तर १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मंचावर वाजवणं कायमचं सोडलं आणि १९८२ मध्ये जाईपर्यंत स्टुडिओतच वाजवलं. शंभर वर्षांत जाहीर मैफल हा प्रकारच उरणार नाही, असं त्याने लिहून ठेवलंय.

गुल्डवर माझं प्रेम आहे, आणि तो मला रेकॉर्डिंगमुळेच ऐकायला मिळाला. तरी त्याचं हे म्हणणं मला पटत नाही. घरी मी ऐकते तेव्हा वाजवणाऱ्याचं काम कधीच संपलेलं असतं. मी लक्ष देऊन ऐकलं काय, मध्येच उठून गेले काय, त्या वादनात तसूभरही फरक पडत नाही. सभागृहात पडतो. तिथे मी बसलेली असते म्हणून जे वाजतं ते थोडं वेगळं वाजतं.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह तयार झालं आणि तिथे कोणाचं बोलणंच कळेना. एक शब्द विरायच्या आत पुढचे शब्द त्यावर चढायचे. आवाज पूर्ण विरायला साडेपाच सेकंद लागत होते. हे निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. दिवसा रहदारीचा आवाज, म्हणून तो रात्री काम करायचा. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, एकेक करून मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर! या उद्योगातून त्याला कळलं की एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषून घेतो. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा घातला गेला, आणि १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर उभा राहिला. आजही तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

म्हणजे आपण खुर्चीत नुसते बसलो तरी सभागृहाचा आवाज बदलतो. कलाकारांना हे चांगलं ठाऊक असतं. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक करताना प्रत्येक सूर घुमत राहतो, आणि संध्याकाळी हॉल भरला की तोच आवाज कोरडा, जवळचा वाटायला लागतो. जाणता साउंडवाला दुपारीच याचा अंदाज बांधून ठेवतो. शक्य असेल तेव्हा लवकर जा आणि हा फरक कानांनी अनुभवा. लोक येत जातात तसतसा खोलीचा आवाज खाली बसत जातो.

पण नुसत्या अंगांनी आवाज शोषण्यापलीकडेही तिथे बरंच काही घडतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंतुवाद्यांच्या मैफलीला आलेल्या श्रोत्यांच्या अंगावर मोजणी करणारी उपकरणं लावली होती. ऐकता ऐकता एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांच्या हृदयाचे ठोके आणि श्वासाचा वेग यांच्यात मेळ दिसू लागला. सगळं सभागृह एकदम श्वास रोखतं असं आपण सहज म्हणून जातो. ते शब्दशः खरं नसलं, तरी अगदीच निराधार नाही.

मला कायम आठवणारी मैफल एका सतारवादकाची आहे. द्रुत गत रंगात आलेली असताना बाजाची, म्हणजे मुख्य, तार तुटली. टण्णकन आवाज झाला आणि तुटलेलं टोक उसळून मागे आलं. तबलजींनी डग्ग्यावरचा हात हलका केला, पण ठेका सोडला नाही. वादकाने शेजारच्या डबीतून तारेचं वेटोळं काढलं, एक टोक खाली अडकवलं, तार घोडीवरून वर नेली, खुंटीत ओवली आणि पिळायला सुरुवात केली. नवी तार लगेच सुरात राहत नाही. ताणली की उतरते, परत चढवावी लागते. तो बोटाने ती खेचत होता, उतरलेला सूर कान लावून परत चढवत होता, आणि हे सगळं ठेक्याच्या आवर्तनांवर नजर ठेवून चाललं होतं. सभागृहात चिटपाखरू हललं नाही. मग तो आवर्तनाच्या मधूनच आत शिरला, आणि सुरुवातीला त्याने लांब मिंड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं, घेतलीच नाही, कारण तेवढ्या ताणाने तार पुन्हा उतरली असती. जवळजवळच्या सुरांत, छोट्या छोट्या तुकड्यांत वाजवत राहिला. तार स्थिरावल्यावर पहिली मोठी मिंड आली तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. ती मिंड रेकॉर्डिंगवर ऐकली असती तर चांगली वाटली असती, इतकंच. आम्हाला मात्र तिच्यामागचा सगळा ताण माहीत होता.

जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटची १९७५ मधली जर्मनीतल्या कोलोनची मैफल याच जातीची. ऑपेरा हाउसमध्ये भलताच पियानो मंचावर येऊन पडला होता. लहान, बेसूर, वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे दुबळे, पॅडल धड चालत नाहीत. त्या रात्री त्याने बराचसा भर मधल्या सप्तकांवर ठेवला, डाव्या हाताने तोच आकृतिबंध पुन्हा पुन्हा घोळवला, आणि त्यातून जे निघालं ते एकट्या पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डिंगपैकी एक ठरलं. रेकॉर्डिंगच्या बाजूने बोलणारे याकडे बोट दाखवतात, पण वाद्य बदलून घेऊन पुढच्या आठवड्यात वाजवायची सोय त्याला असती तर ते संगीत झालंच नसतं. समोर लोक येऊन बसले होते, म्हणून ते झालं.

आता टाळ्यांबद्दल. कार्यक्रम संपल्यावर विखुरलेल्या टाळ्या अचानक एका लयीत पडू लागतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. २००० साली 'नेचर'मध्ये यावर एक सुंदर निबंध आला होता. युरोपातल्या नाट्यगृहांत आणि संगीतगृहांत टाळ्या ध्वनिमुद्रित करून संशोधकांना दिसलं की एका लयीत येण्यासाठी प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो. कोणी सांगत नाही, खूण करत नाही. पण वेग निम्मा झाला की एकूण आवाजही कमी होतो, लोकांचा उत्साह मात्र वाढलेला असतो. मग प्रत्येक जण जोर लावतो, वेग वाढतो आणि लय फुटते. थोड्या वेळाने पुन्हा जुळते. शेकडो माणसं न ठरवता हे करतात. मला तर यात कार्यक्रमाचाच शेवटचा तुकडा ऐकू येतो.

टाळी कधी वाजवायची याची भीती नव्याने जाणाऱ्यांना फार असते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात दोन भागांच्या मध्ये वाजवली तर लोक वळून बघतात. हा कडकपणा मागाहून आलेला आहे. मोझार्टने जुलै १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आनंदाने कळवलंय की सिम्फनीच्या पहिल्याच भागात, मध्येच, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ही जागा त्यांना आवडणार हे त्याला आधीच माहीत होतं. रागसंगीतात तर नेमकी समेवर आलेली 'वा' गवयाला पुढचं आवर्तन देऊन जाते. ती मनापासून यायला हवी, एवढीच अट. गाणं संपायच्या आत, शेवटचा सूर विरत असताना, सर्वात आधी टाळी वाजवायची घाई करणारी माणसं मला अजिबात सहन होत नाहीत. तो विरणारा सूरही गाण्यातलाच असतो.

आणि दाद चुकीच्या जागी गेली तरी फार बिघडत नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशातल्या निर्वासितांसाठीच्या कार्यक्रमात, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावून घेतली आणि लोकांनी टाळ्यांचा गजर केला. सूर लावणं तुम्हाला इतकं आवडलं तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं रविशंकर हसून बोलले. हा किस्सा लोक त्या श्रोत्यांना हसण्यासाठी सांगतात. मला ते श्रोते प्रिय आहेत. ते पहिल्या सुरापासून कान देऊन बसले होते!

श्रोत्याचं हे वजन उलटही पडतं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून जास्त लोकांसमोर बीटल्स वाजवत होते आणि किंकाळ्यांमुळे त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. तेव्हा आजच्यासारखे मॉनिटर स्पीकर नव्हते. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ नंतर, त्यांनी तिकीट लावून कार्यक्रम करणं थांबवलं. दौऱ्यांना ते कंटाळले होते, कारणं अनेक होती, पण कोणीच ऐकत नाहीये हे त्यातलं मोठं कारण होतं.

आजच्या किंकाळ्या म्हणजे फोन. यावर माझं मत ठाम आहे: पहिल्या गाण्याला एक फोटो काढा आणि फोन खिशात ठेवा. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले त्या त्यांच्या कमी लक्षात राहिल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त. संग्रहालय म्हणजे मैफल नव्हे, पण मनाचा व्यवहार तोच आहे. अंधारात उंच धरलेला एक उजळ पडदा मागच्या कितीतरी जणांची नजर खेचतो, हे वेगळंच. रॉक गायक जॅक व्हाइटने २०१८ च्या दौऱ्यात श्रोत्यांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावले होते. पिशवी श्रोत्याकडेच, फक्त आत उघडत नाही. मला हे अपमानास्पद वाटत नाही. उलट गाणाऱ्यालाही मोकळीक मिळते. अर्धवट सुचलेली गोष्ट करून बघता येते, फसली तर उद्या सकाळी ती जगभर फिरत नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल मात्र मी श्रोत्यांपेक्षा आयोजकांवर जास्त चिडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सुरक्षित श्रवणाचे निकष जाहीर केले. सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजला जावा, श्रोत्यांना कानात घालायचे बोळे मिळावेत, कानांना विश्रांती द्यायला शांत जागा असावी. १०० डेसिबल हेही काही कमी नाही. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मर्यादा सांगते. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमाहून आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती मजा नाही, इजा आहे. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले बोळे मिळतात, त्यांनी वरचे-खालचे सूर सारखेच हलके होतात, गाणं गढूळ होत नाही. मी ते घेतल्याशिवाय रॉकच्या कार्यक्रमाला जात नाही. आणि छोट्या सभागृहात बासरीच्या मैफलीला छातीत धडधडेल इतका आवाज लावणाऱ्यांना मी मध्यंतरात जाऊन, नीट शब्दांत, सांगते. बहुतेकदा ते कमी करतात. इतरांनाही तेच म्हणायचं असतं, कोणीतरी जाऊन सांगायला हवं असतं.

बसायचं कुठे? पहिली रांग आवाजासाठी सहसा चांगली नसते. मोठ्या स्पीकरांचा आवाज डोक्यावरून जातो, गाणं पुसट आणि ड्रम अंगावर, असं होतं. साउंडवाला मिक्सर घेऊन बसतो त्याच्या आसपासची जागा धरा, कारण तो स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावरूनच सगळं जुळवतो. भिंतीलगत, विशेषतः कोपऱ्यात, खर्जाचा आवाज फुगतो. मोकळ्या मैदानात फार मागे असलात तर ढोलावर काठी पडताना आधी दिसेल, ऐकू नंतर येईल. आवाजाला चौतीस मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणून तर मैदानात मध्ये उभारलेल्या स्पीकरांना मुद्दाम उशिरा वाजवतात, मंचावरचा आवाज तिथे पोचेपर्यंत.

मोठे कार्यक्रम जरूर बघा, पण माझा सगळ्यात जास्त जीव लहान खोलीत रमतो. माइक नाही, समोर तीसेक माणसं, गाणारा अजून नावारूपाला यायचाय. तिथे गवयाचा श्वास ऐकू येतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजारव, ऐकू येते, आणि आपण मान डोलावली तर ती त्याला दिसते. मैदानातल्या पंचावन्न हजारांत मी नसले तर कोणाला कळणार नाही. या खोलीत मी नसले तर सॅबिनच्या हिशेबाने सहा गाद्या कमी होतील आणि गाणाऱ्याच्या नजरेला एक खुर्ची रिकामी दिसेल. म्हणून महिन्यात एकच कार्यक्रम जमणार असेल, तर मी हा निवडते.