पासवर्ड विचारण्याआधीच घात होतो

एफटीपी (फाइल पाठवण्या-घेण्याचा) सर्व्हर चालवणाऱ्यांना एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: 'पासवर्ड भक्कम ठेवा, अनॉनिमस (विनाखाते) लॉगिन बंद करा, टीएलएस (वाटेतला मजकूर कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू करा. मग बफर ओव्हरफ्लोची चिंता नको, तो जुन्या जमान्यातला प्रकार. आणि डिनायल ऑफ सर्व्हिसमुळे, म्हणजे सेवा ठप्प पाडणाऱ्या हल्ल्यामुळे, फार तर सर्व्हर बंद पडेल, डेटा थोडाच जातो!' यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी जरूर करा. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

'पासवर्ड भक्कम असला की पुरे.' पासवर्ड तपासायचा तर समोरच्याने काय पाठवलंय ते सर्व्हरला आधी वाचावं लागतं. घात तिथेच होतो. समजा, 'यूजर' कमांडनंतर येणाऱ्या नावासाठी प्रोग्रॅमरने २५६ बाइट जागा राखली आणि लांबी न मोजताच नाव कॉपी केलं. हजार बाइटचं नाव आलं की उरलेले बाइट पलीकडच्या मेमरीवर सांडतात. हाच बफर ओव्हरफ्लो. फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता त्याच स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, असतो. ३२ बिटच्या अशा सर्व्हरला चाचणीत नुसते कॅपिटल 'ए' पाठवले, तर डीबगरमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावणाऱ्या साधनात) परतीच्या पत्त्याच्या जागी ४१४१४१४१ दिसतं. ४१ हा त्या अक्षराचा हेक्स (१६ च्या पटीत मोजलेला) कोड. अनोळखी माणसाने टाइप केलेलं 'नाव' आता प्रोग्रॅमने पुढे कुठे जायचं ते ठरवतंय, आणि पासवर्ड अजून कुणी विचारलेलाही नाही.

'जुना प्रकार आहे, आणि टीएलएस आहेच की.' प्रकार जुना आहे हे खरं. १९८८ च्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरायला हीच चूक वापरली होती. पण २०१० मध्ये प्रोएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये काय सापडलं ते पाहा. एफटीपीची कमांड वाहिनी टेलनेट या जुन्या रिमोट लॉगिन पद्धतीच्या नियमांवर बेतलेली आहे, त्यामुळे २५५ या बाइटला तिथे खास अर्थ असतो. तो बाइट हाताळताना उरलेल्या जागेचा हिशेब चुकत होता आणि बफर भरल्यावरही लिहिणं थांबत नव्हतं. लॉगिनची गरज नव्हती. टीएलएसवरच्या एफटीपीलाही हा धोका तितकाच होता, कारण टीएलएस वाटेत कुणाला वाचू देत नाही एवढंच. हल्लेखोराने पाठवलेला मजकूर तेही इमानेइतबारे आत पोचवतं. १.३.३सी आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. पुढे २०२१ मध्ये सर्व्ह-यू या फाइल सर्व्हरच्या एसएसएच (सुरक्षित रिमोट जोडणीच्या) भागात लॉगिनशिवाय कोड चालवू देणारी मेमरीची चूक निघाली. तांत्रिकदृष्ट्या ती ओव्हरफ्लो नव्हती, पण जातकुळी तीच, आणि ती उघड झाली तेव्हा तिचा वापर करून हल्ले सुरूही झालेले होते.

'कनेक्शनची मर्यादा घातली की डिनायल ऑफ सर्व्हिस टळतो.' एकूण मर्यादा ५० ठेवली आणि एकाच आयपीवरून ५० कनेक्शन उघडून कुणी गप्प बसला, तर ५१ व्याला, म्हणजे तुमच्या खऱ्या वापरकर्त्याला, ४२१ ('सेवा उपलब्ध नाही') हे उत्तर मिळतं. प्रत्येक आयपीला वेगळी मर्यादा हवी, लॉगिन न करता ताटकळणाऱ्यांना लवकर तोडायला हवं. तेवढ्यानेही सगळं भागत नाही. व्हीएसएफटीपीडी या दुसऱ्या एफटीपी सर्व्हरच्या २.३.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत 'स्टॅट' या स्थिती विचारणाऱ्या कमांडला तारांकनं आणि कंसांनी भरलेला पॅटर्न दिला की तो जुळवण्यातच सीपीयू अडकून पडायचा.

'डेटा थोडाच जातो.' याचा मला सर्वांत राग येतो. सर्व्हर मधेच पडला की अर्धवट चढलेली फाइल तशीच डिस्कवर राहते, आणि ती उचलणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमला ती अपुरी आहे हे कळतंच असं नाही.

शिवाय क्रॅश आणि घुसखोरी या एकाच चुकीच्या दोन बाजू असू शकतात. स्टॅकवर परतीच्या पत्त्याआधी ठेवलेलं संरक्षक मूल्य बिघडलेलं दिसलं की प्रोसेस स्वतःला मारून घेते, म्हणजे कोड चालण्याऐवजी क्रॅश होतो. पण दर कनेक्शनला फोर्क करणाऱ्या, म्हणजे स्वतःची प्रत (चाइल्ड प्रोसेस) काढणाऱ्या, सर्व्हरमध्ये ते मूल्य सगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये सारखंच असतं. हल्लेखोर एकेक बाइट अंदाजाने भरत जातो. अंदाज चुकला की एक प्रोसेस मरते, बरोबर आला की जगते, आणि पूर्ण मूल्य कळलं की हे संरक्षण संपतं. त्यामुळे 'पडला तरी आपोआप उठतो' म्हणून ज्या लॉगकडे आपण दुर्लक्ष करतो, त्यात एकापाठोपाठ मरणाऱ्या चाइल्ड प्रोसेस दिसल्या तर त्याच दिवशी सर्व्हर नेटवर्कवरून काढा आणि आवृत्ती तपासा.