शेवटचे आठ

मी फिटनेस ट्रेनर आहे आणि लोकांना वाटतं की या धंद्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे वजनं उचलणं. अहो वजन बिचारं गप्प असतं. जिथे ठेवलं तिथेच सापडतं. ते पहाटे ५:४० ला "मॅडम आज नाही जमणार, सॉरी" आणि पुढे हात जोडलेले असा मेसेज टाकत नाही.

सुरुवात केली ती पर्सनल ट्रेनिंगने. एक माणूस, एक तास, पूर्ण लक्ष. सहा महिन्यांनी माझ्या दादाने (हा माणूस एक्सेलशिवाय श्वास पण घेत नाही) हिशोब मांडून दाखवला. लोक मोकळे कधी असतात तर सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. म्हणजे दिवसाचे ६ तास, आठवड्याचे ६ दिवस, ३६ स्लॉट. एकेकाला आठवड्यातून ३ वेळा बोलावलं की झाले १२ क्लायंट. तेरावा घ्यायचा तर सूर्याशी बोलणी करावी लागतील. आणि दुपारी काय, तर मी आणि मॅट एकमेकांकडे बघत बसायचं.

बरं हे १२ तरी सुखाने टिकावेत की नाही. गुडघा दुखतो म्हणून आलेला माणूस गुडघा बरा झाला की जातो आणि बरा नाही झाला तरी जातोच. एक बाई होत्या, दोन सेटच्या मधे ९० सेकंद विश्रांती असं मी सांगायचे, त्या ९० सेकंदात त्यांचा बॉस किती वाईट आहे ते सुरू व्हायचं आणि पुढचा सेट उजाडेपर्यंत १० मिनिटं गेलेली असायची. त्यांच्या बॉसला मी कधी पाहिलं नाही पण रस्त्यात दिसला तर ओळखीन. शेवटी त्याच बॉसने त्यांना प्रमोशन दिलं, संध्याकाळच्या मीटिंगा सुरू झाल्या आणि माझे आठवड्याचे ३ स्लॉट गेले. त्यांच्यापेक्षा जास्त राग आता मला आहे त्या माणसाचा.

तर दादा म्हणाला ग्रुप क्लास काढ, एका तासात १५ जण. एक्सेलमधे १५ माणसं आपापल्या चौकोनात सरळ उभी राहतात हो. माझ्याकडे आली ती सगळी शेवटच्या रांगेत. पहिली रांग रिकामी, दुसरीत एक जण चुकून, आणि मागे भिंतीला चिकटून ११, त्यातले दोघे दरवाजात, पळायला सोपं म्हणून. शेवटी मीच मागे जाऊन उभी राहिले, म्हटलं आता ही झाली पहिली रांग, तर सगळे घाईघाईने पुढे.

शिवाय लोकांकडे तोंड करून शिकवायचं म्हणजे आरशासारखं शिकवावं लागतं, तोंडाने "डावा पाय" म्हणायचं आणि आपला उजवा उचलायचा. पहिला महिनाभर मी घरी पण डावीकडे जा म्हणून उजवीकडे हात दाखवत होते.

मग जाहिरात करायची तर काहीतरी भारी हवं म्हणून टाबाटा काढलं. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबा, असे ८ राउंड, एकूण ४ मिनिटं. इझुमी टाबाटा नावाच्या जपानी संशोधकांचा यावरचा अभ्यास १९९६ चा, आणि तो सायकलवर आणि असा काही जोर लावून की सात-आठ राउंडमधे चांगल्या फिट पोरांचा पण जीव निघायचा. मी जाहिरातीत फक्त "४ मिनिटं" एवढंच मोठ्या अक्षरात टाकलं. लोक आले आणि ४ मिनिटांनी बॅगा उचलून निघाले. जे थांबले ते १० सेकंदाच्या विश्रांतीत बाटली शोधायला जायचे ते तिसऱ्या राउंडला परत यायचे.

एकदा ऐन क्लासमधे स्पीकर मेला. आता झुंबाचा, म्हणजे गाण्यांवर नाचत करायच्या व्यायामाचा, जन्म कसा झाला ते या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतं, कोलंबियातल्या काली शहरात १९९० च्या दशकात बेटो पेरेझ नावाचा ट्रेनर एरोबिक्सच्या कॅसेट घरी विसरला, जवळ होत्या त्या साल्सा-मेरेंगेच्या लावल्या आणि इतिहास घडला. मला पण वाटलं, हाच तो क्षण. फोन रिकाम्या बादलीत ठेवला म्हणजे आवाज घुमेल, गाणं लावलं, आणि दादाचा कॉल आला. चार जणांनी रिंगटोनवर जंपिंग जॅक मारले. इतिहास काही घडला नाही, दादाला फक्त आज किती जण आले ते विचारायचं होतं.

कोण किती दमलंय हे बघायचे पण प्रकार असतात. एक बोर्ग स्केल आहे, ६ ते २० असा आकडा सांगायचा, ६ पासून का तर त्याला १० ने गुणलं की नाडीच्या ठोक्यांचा साधारण अंदाज यावा म्हणून. मी विचारलं तर सगळे एका सुरात "२०". म्हणजे ठोके २००. तेव्हा आम्ही वॉर्मअपमधे खांदे फिरवत होतो. दुसरी सोपी युक्ती म्हणजे टॉक टेस्ट. बोलता येतंय पण गाता येत नाही म्हणजे व्यायाम मध्यम, बोलणंच थांबलं म्हणजे जोरदार. आमच्या क्लासमधे ही टेस्ट चालत नाही. यांचं बोलणं कशानेच थांबत नाही.

आणि आता ते आठ. "शेवटचे आठ", म्हणजे आता फक्त आठच वेळा करायचं राहिलं, हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं आहे, सगळेच बोलतात, मी पण. ५, ६, ७ झाले की माझं तोंड आपोआप परत ५ वर जातं. कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण क्लासमधे एक निवृत्त ऑडिटर काका होते. "मॅडम, आठ म्हणालात, अकरा झाले." स्क्वॉटमधे अर्धे खाली बसलेले असताना, थरथरत्या मांड्यांनी, हिशोब मात्र चोख. बाकीचे लगेच त्यांच्या बाजूने. दर क्लासला माझं ऑडिट.

पण या भांडणाने एक झालं, की सगळ्यांची घट्ट मैत्री जमली. धंद्याचे सगळे सल्ले हेच सांगतात ना, की नुसता क्लास नको, आपली माणसं तयार करा. इतकी छान तयार झाली माझी माणसं की एके दिवशी त्यांनी मिळून ठरवलं, आता आपल्याला सगळं येतंच तर एकाच्या गच्चीवरच करूया. एकदम ९ जण गेले. वर मेसेज, "मॅडम गाण्यांची लिस्ट पाठवा ना प्लीज." मी पाठवली. का पाठवली माहीत नाही. दादाने त्या महिन्याची एक्सेल उघडली, बघितली आणि न बोलता बंद केली.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन. जरा घुटमळत होते.

"मॅडम, इथे मोजायचं काम माझ्याकडे दिलंय."

म्हटलं, "छान की काका."

"हो, पण मी बरोब्बर आठला थांबवतो. कुणाला घामच येत नाहीये."

मी गप्प.

"सोमवारपासून यायचं म्हणतायत सगळे." मग थोडं थांबून, आवाज खाली घेऊन, "पहिला क्लास फ्री असतो ना, तो आम्हाला परत लागू होतो का?"